नाटक बघायला जाणाऱ्याने माफी कशाला मागायची?

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मुख्य भाग तेवढा देते.

"माझा दादा ४१ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो रोज ज्या कार्यशाळेत जातो तिथे पणत्या, तोरणं, कागदी पिशव्या बनवतात. एकूण नऊजण आहेत. एकाला ऑटिझम, दोघांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या विकारामुळे हालचाल, बोलणं अवघड जातं), त्यातला एक व्हीलचेअरवर, एकीला अगदी कमी दिसतं, बाकीचे दादासारखे. दिवाळीच्या ऑर्डरचे पैसे आलेत आणि सगळ्यांना मिळून नाटकाला जायचंय. मागच्या वर्षी मी दादाला एकटीच घेऊन गेले होते. सगळ्यांचं हसून झालं की मग हा मोठ्याने हसायचा. पुढचे काका दोनदा वळून बघत होते, तिसऱ्यांदा म्हणाले, अहो अशांना कशाला आणता इथे. मी सॉरी सॉरी करत इंटरव्हलला त्याला घरी घेऊन आले. तो रस्ताभर विचारत होता, पुढे काय झालं. आता आई म्हणते बालनाट्याला न्या, तिथे कोणी बोलणार नाही. कार्यशाळेच्या बाई म्हणतात हॉल घेऊन आपल्यापुरताच कार्यक्रम ठेवू. मला काहीच सुचत नाहीये. आणि नेलंच तर तयारी काय करायची?"

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. मोठ्यांच्या नाटकालाच जा. बालनाट्य कमी दर्जाचं असतं असं अजिबात म्हणायचं नाहीये, पण ज्याने स्वतः पणत्या रंगवून पैसे कमावलेत त्या ४१ वर्षांच्या माणसाने त्या पैशातून राक्षस आणि परी का बघायची? त्यालाच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू, तर तो रस्ताभर पुढे काय झालं विचारत होता हे. म्हणजे गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती, तो गुंतला होता, आणि अर्ध्यावरून उठावं लागलं ते त्याच्यामुळे नाही. उशिरा हसण्याचं म्हणाल तर डाऊन सिंड्रोममध्ये बऱ्याच जणांना ऐकलेलं डोक्यात उतरायला जास्त वेळ लागतो, शिवाय कानाचे त्रासही खूप जणांना असतात आणि घरच्यांना वाटतं हा लक्षच देत नाही, तेव्हा कान एकदा तपासून घ्याच. विनोद त्याला कळला, चार सेकंद उशिरा कळला एवढंच. त्याबद्दल सॉरी म्हणायची काहीच गरज नव्हती, आणि हे मी तुम्हाला बोल लावायला म्हणत नाही, त्या अंधारात एकटीवर सगळ्यांच्या नजरा आल्यावर तोंडातून सॉरीच निघतं. म्हणून तर यावेळी एकटीने न जाता माणसं बरोबर घेऊन आणि तयारी करून जायचं.

पहिली गोष्ट, नाटक कोणतं ते तुम्ही आणि बाईंनी मिळून ठरवू नका. शनिवार-रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून कार्यशाळेत टेबलावर ठेवा, बहुतेक नाटकांचे प्रोमो यूट्यूबवर असतात ते मोठ्या स्क्रीनवर दाखवा, आणि नऊजणांना निवडू द्या. जो बोलत नाही तो बोट ठेवेल, एखादा नट आवडतो म्हणून कुणी हट्ट धरेल, आपणही तसंच करतो की. दोन नाटकांत मतं फुटली तर दोन गट करा आणि दोन वेगळ्या शनिवारी जा, नऊच्या नऊ एका दिवशी गेलेच पाहिजेत असं कुठे आहे. आणि ज्याला जायचंच नाही त्याला नको. त्याला अंधार, गर्दी, आवाज सोसत नसेल, किंवा नाटक आवडतच नसेल. त्याच्या वाटणीच्या पैशाचं त्याला दुसरं काय हवंय ते विचारा.

तुम्ही करायचं ते एवढंच, की त्यांनी निवडलेलं नाटक आधी कुणीतरी मोठ्या माणसाने बघून यायचं. त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे दिवे. भराभर उघडझाप करणारे दिवे काही नाटकांत वापरतात, आणि तुमच्या गटात कुणाला फिट येत असेल तर याबाबतीत चालढकल नको. प्रत्येक फिटवाल्याला दिव्यांचा त्रास होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांना साधारण सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप धोक्याची असते. घरच्यांना विचारा, त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि नाटकाच्या मॅनेजरला फोन करून थेट विचारा की असा प्रसंग कोणत्या अंकात आहे. दुसरं, बंदुकीचा बार, एकदम होणारा काळोख, किंकाळी वगैरे. रहस्यनाट्य त्यांनी निवडलं असेल तर जाऊ द्या, फक्त आधी सांगून ठेवा की दुसऱ्या अंकात मोठ्ठा आवाज होणारे, खोटा असतो. तिसरं, विनोद कुणावर आहेत ते बघा. आपल्याकडे अजूनही तोतरं बोलणाऱ्यावर, लंगडणाऱ्यावर, वेडसर गड्यावर हशे घेतले जातात. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सिनेमाच्या एका प्रकरणात नीट फरक करून सांगितलाय, अपंगत्वाबद्दल समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली दाखवणारा वेगळा. पाचशे माणसं आपल्यासारख्याच बोलण्यावर हसतायत आणि आपण मध्ये बसलोय, हे त्या सेरेब्रल पाल्सीवाल्या दोघांच्या वाट्याला यायला नको. असं काही दिसलं तर तेही त्यांना सांगा, आणि तरी जायचंय का ते त्यांनाच ठरवू दे.

आता नाट्यगृह. तुम्ही मुलुंडच्या, म्हणजे कालिदास हाकेच्या अंतरावर, पहिल्या वेळेला शक्यतो तिथलाच प्रयोग धरा, नाहीतर ठाण्याला गडकरी. दादर, माटुंगा, प्रभादेवी पुढच्या वेळी. दादरला जायचं तर लोकलला दिव्यांगांचा डबा आहे खरा, पण प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट, वर शनिवारची गर्दी, त्यात नऊजण चढवायचे आणि उतरवायचे, यातच सगळ्यांचा जीव अर्धा होईल आणि नाटकाला शक्ती उरणार नाही. टेम्पो ट्रॅव्हलर करा नाहीतर दोन-तीन गाड्या. बेस्टच्या लो-फ्लोअर, म्हणजे जमिनीलगत तळ असलेल्या एसी बसला रॅम्प असतो, जवळच्या अंतराला तोही पर्याय आहे, फक्त तुमच्या स्टॉपवर ती गाडी येते का ते आधी बघून ठेवा.

नाट्यगृह आधी जाऊन बघायचं, आणि नुसतं फोनवर "लिफ्ट आहे का हो" विचारून थांबायचं नाही. कारण उत्तर येतं "आहे ना", आणि मग कळतं की लिफ्टपर्यंत जायलाच चार पायऱ्या आहेत, किंवा ती सामानाची आहे, किंवा चावी ज्याच्याकडे तो रविवारी नसतो. इंचटेप घेऊन जा. व्हीलचेअरची बाहेरून बाहेरून रुंदी मोजा (मोठ्यांची घडीची खुर्ची साधारण दोन फुटांच्या थोडी वर भरते), मग गेट, लिफ्टचं दार, प्रेक्षागृहाचं दार आणि मुख्य म्हणजे टॉयलेटचं दार मोजा, कारण आत सगळं जमतं आणि नेमकं टॉयलेटच्या दारात खुर्ची अडते. कमोड आहे का, धरायला दांडा आहे का, आतून कडी लागल्यावर मदतनीस मावतो का तेही बघा. रॅम्प असेल तर उतार बघा, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी हा साधा हिशोब. त्याहून खडा असेल तर दोन माणसं लागतील. जिथे पायऱ्याच आहेत तिथे खुर्ची कशी न्यायची हे त्या खुर्चीतल्या माणसाला विचारा, त्याला अनुभव असतो, आणि उचलणाऱ्यांना सांगा की हात टेकायच्या दांड्याला किंवा पाय ठेवायच्या पाटीला धरायचं नाही, ती निसटून हातात येते, मुख्य सांगाड्यालाच धरायचं.

आणि हे सगळं विचारताना उपकार मागतोय असा सूर लावू नका. कालिदास, दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे ही मुंबई पालिकेची नाट्यगृहं, गडकरी ठाणे पालिकेचं, प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर राज्य सरकारचं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे, त्याचं कलम २९ खास संस्कृती आणि करमणुकीचंच आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. काही अडलं तर व्यवस्थापकाला लेखी द्या, पोच घ्या. तुमचा प्रयोग त्याने सुधारेल असं नाही, पण पुढच्या वेळी कुणीतरी आत सहज जाईल.

तिकिटं ॲपवरून काढू नका. जाहिरातीत बुकिंगचा नंबर असतो त्यावर किंवा खिडकीवर जाऊन सीटांचा प्लॅन समोर ठेवून बोला. माझं मत विचाराल तर सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडून बसवू नका. जिला कमी दिसतं तिला पुढच्या रांगेत, ज्याला मध्येच उठावं लागेल त्याला दाराजवळ कडेला, व्हीलचेअरवाल्याला जिथे खुर्ची वाट न अडवता उभी राहील तिथे (कडेची एखादी सीट काढता येते का हे आधी विचारून ठेवायचं, वाट अडली तर आगीच्या वेळी सगळ्यांनाच धोका), आणि बाकीच्यांना आपापल्या मित्राशेजारी. दर दोघांमागे एक मदतनीस पुरावा, तोही वयाने त्यांच्या जवळचा असला तर उत्तम, भाचे, शेजारची कॉलेजातली पोरं. सत्तरीतल्या आईवडिलांनाच पुन्हा कामाला लावू नका, त्यांनी आरामात बसून नाटक बघावं.

जिला कमी दिसतं तिच्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण कमी दिसणाऱ्यांना नाटकात काय मिळणार असं लोकांना वाटतं. अहो, आपलं मराठी नाटक मुळात संवादांवर चालतं. आकाशवाणीवरच्या श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, घराघरात लोकांनी जीव लावून नुसती ऐकलीच आहेत. तिला आधी एवढंच सांगायचं की रंगमंचावर काय काय आहे, डावीकडे दार, मध्ये सोफा, उजवीकडे जिना, आणि कोण कुठून येतं. शक्य असेल तर मॅनेजरला विनंती करा की सेट लागल्यावर, प्रयोगाच्या आधी, तिला पाच मिनिटं रंगमंचावर येऊ द्या. सोफ्याला, दाराला हात लावून बघेल, आणि कलाकारांपैकी कुणी मोकळं असेल तर आपल्या नाटकातल्या आवाजात "मी अमुक" म्हणून नाव सांगेल. परदेशात हे बऱ्याच ठिकाणी रीतसर करतात, इथे विचारल्याशिवाय होणार नाही, पण विचारा. फार तर नाही म्हणतील.

ज्याला ऑटिझम आहे त्याची तयारी आठवडाभर आधीपासून करा. नाट्यगृह बघायला जाल तेव्हा फोनमध्ये फोटो काढा, बाहेरचं गेट, जिना, लॉबी, दार, खुर्च्यांची रांग, टॉयलेट, बाहेर बसायची शांत जागा, सगळं ओळीने. रोज एकदा ते दाखवून सांगायचं की आधी हे, मग हे. आणि घंटा! आपण लहानपणापासून ऐकत आलो म्हणून तिसऱ्या घंटेला आपल्याला आनंद होतो, ज्याला माहीत नाही त्याला तो आवाज आणि पाठोपाठ जाणारे दिवे म्हणजे काहीतरी भयंकर घडतंय असं वाटू शकतं. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगाला जाऊन लॉबीत उभं राहून तिन्ही घंटा रेकॉर्ड करून आणा, कार्यशाळेत वाजवा, तिसरी झाली की खोलीतला दिवा बंद करा, पडदा उघडला म्हणा, मग टाळ्या. दोन-चारदा केलं की तो खेळ होतो, सगळेच करतील. कान झाकणारे हेडफोन बरोबर ठेवा, टाळ्या आणि शिट्ट्यांच्या वेळी लागतात.

आणि खुर्च्या. जुन्या नाट्यगृहांतल्या सीटा उठलं की फटकन वर जातात. हलक्या अंगाचा माणूस, पाय नीट टेकत नसतील तर, पुढे सरकला की सीट मिटायला लागते आणि तो घाबरतो. पूर्ण मागे सरकून बसायचं, पायाखाली बॅग ठेवायची. एसी कडक असतो, शाल घ्याच.

दोन अंकी नाटक मध्यंतर धरून दोन-सव्वादोन तास चालतं. दुपारचा प्रयोग घ्या, रात्री साडेआठचा नको, औषधांच्या वेळा आणि झोप बिघडते. अर्धा तास आधी पोचा, फार आधी नको, वाट बघण्यातच दमछाक होते. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी ज्यांना वेळ लागतो त्यांना टॉयलेटला न्या, नंतर रांग लागते. बटाटावडा सगळ्यांना हवाच असणार, तो मिळालाच पाहिजे, फक्त सेरेब्रल पाल्सीत काही जणांना गिळायला त्रास होतो, घाईघाईत गरम वडा ठसक्याला कारण होतो, त्यांना बसवून, निवांत, बारीक तुकडे करून. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, तेव्हा दुसऱ्या अंकाला पाच मिनिटं उशिरा आत गेलात तरी चालेल.

मध्येच कुणाला बाहेर यावंसं वाटलं तर एक मदतनीस त्याच्याबरोबर बाहेर, बाकीचे आत. एकासाठी सगळ्यांनी उठायचं नाही हे मदतनिसांना बजावून ठेवा. बाहेर पाणी प्यायचं, फेरी मारायची, पुन्हा जायचं का विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. पहिल्या अंकानंतर घरी गेलेला माणूससुद्धा एक अंक बघून गेलेला असतो.

आता ते काका. यावेळीही कुणीतरी भेटेल, गृहीत धरा. म्हणून मॅनेजरला आधी सांगून ठेवा की आमचे नऊ प्रेक्षक आहेत, एखादा जरा मोठ्याने हसेल, एखादा उठेल, कलाकारांच्याही कानावर घाला. नटाला अनपेक्षित आवाजाने गांगरायला होतं, माहीत असेल तर तो सांभाळून घेतो. कुणी वळून बघितलं तर बघू द्या. बोललं तर एकदाच, शांतपणे, "आम्हीही तिकीट काढून आलोय, नाटक बघतोय" एवढं म्हणा आणि पुन्हा रंगमंचाकडे बघा. पुढे वाढवलं तर तुम्ही नाही, डोअरकीपरने किंवा मॅनेजरने बोलायचं, ते त्यांचं काम आहे. आणि हे फक्त माहीत असू द्या, त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे लोकांदेखत दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रत्येक वेळी हे तोंडावर फेकायची गरज नाही, पण आपली बाजू भक्कम आहे हे माहीत असलं की आवाज कापत नाही. एखाद्याला खरंच अतिशय त्रास होऊन तो सतत ओरडायला लागला तर बाहेर न्यायचंच, पण ते लोकांसाठी नाही, त्याच्यासाठी, कारण तो आत सुखात नाहीये.

एक गोष्ट मात्र आधीच नाही म्हणून सांगा. प्रयोग संपल्यावर "आज आपल्यात खास पाहुणे आलेत" म्हणून त्यांना स्टेजवर बोलावून गुलाब द्यायचा, प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, फोटो काढून टाकायचे. हे प्रेमापोटीच करतात, मला माहीत आहे, पण ते नाटक बघायला आलेत आणि टाळ्या नाटकाला वाजायला हव्यात. फोटोही ज्याचा त्याला विचारूनच. त्यापेक्षा पडदा पडल्यावर आपण सगळे जसे आत रंगपटात जाऊन नटांना भेटतो, आवडलं म्हणून सांगतो, तसं त्यांनाही जाऊ द्या. ज्याला नट आवडला तो हात मिळवेल, ज्याला नाही आवडला तो तसं तोंडावर सांगेल, सांगू द्या.

बाईंच्या हॉलच्या कल्पनेबद्दल. ती पूर्ण टाकाऊ नाही. ज्यांना पूर्ण काळोख आणि गर्दी सोसतच नाही त्यांच्यासाठी अर्धवट दिवे चालू ठेवून, आवाज कमी करून, आतबाहेर करायची मोकळीक देऊन प्रयोग करायची पद्धत जगात रुळलीये. मुंबईत दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या जय वकील, अडॅप्टसारख्या जुन्या संस्था आहेत, कार्यशाळाही ठिकठिकाणी आहेत, अशा चार-पाच संस्थांनी मिळून एखादा प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे अख्खा विकत घेतला तर निर्मात्याशी असं बोलता येईल. त्यासाठी बाईंनी जरूर खटपट करावी. पण कुटुंबं, भाऊबहिणी, मित्रमंडळीही तिथे येऊ देत, आणि ते वर्षभरात कधीतरी जमेल. दिवाळीचे पैसे आत्ता आलेत आणि नऊजणांना आत्ता जायचंय, तर आधी हे.

आईंना मात्र तुमच्याबरोबर घ्या. त्यांनी ४१ वर्षं लोकांच्या नजरा झेलल्यात, बालनाट्याचं त्या दादाला जपायलाच म्हणतायत. त्यांच्याशी वाद घालू नका, दादाशेजारचं तिकीट त्यांचं काढा आणि मदतनीस दुसऱ्या बाजूला बसवा. आणि हो, मागच्या वर्षी अर्धं राहिलेलं ते नाटक अजून चालू असेल तर टेबलावरच्या जाहिरातींमध्ये त्याचीही ठेवा.